बालवाचकांसाठी वर्ग-ग्रंथालय : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात येथील खेड्यापाड्यांत प्राथमिक शिक्षणाचा जो प्रसार झाला, तो या प्रदेशाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर होय. १९६३ साली पहिले मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. जेथे इमारत नव्हती तेथे देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या घराच्या सोप्यावर वर्ग भरले. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांतील कित्येक कुटुंबांत त्या काळी शाळेत गेलेले मूल हे घराण्यातील पहिले साक्षर मूल होते.

अशा रीतीने शाळा मुलाच्या दारी आली. पुस्तक मुलाच्या हाती येणे ही त्यापुढील पायरी होय. पाठ्यपुस्तक आज प्रत्येक मुलाकडे असते हे खरे. परंतु ते सर्वांना सारखेच असते, वर्षभर तेच असते आणि परीक्षेशी बांधलेले असते. ज्या पुस्तकाची निवड मुलाने स्वतः केली, जे त्याने पाहिजे तेव्हा उघडले आणि नको तेव्हा मिटले, त्या पुस्तकाने वाचनाची गोडी लागते. असे पुस्तक बहुतेक ग्रामीण घरांत नसते. म्हणून ते वर्गात असणे अगत्याचे आहे.

वर्गाच्याच खोलीत, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर मांडलेला, शंभर-दोनशे निवडक पुस्तकांचा आणि दरवर्षी थोडाफार बदलत जाणारा संग्रह म्हणजे वर्ग-ग्रंथालय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा वर्ग-ग्रंथालय ही हौसेची बाब राहिलेली नाही. ते कसे उभारावे, त्यात काय असावे आणि ते चालते कसे ठेवावे, याचा विचार येथे पेडणे व डिचोली तालुक्यांतील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

पूर्वपीठिका

पुस्तकांच्या बाबतीत गोमंतकाचा वारसा जुना आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पणजीत १८३२ साली 'पब्लिका लिव्रारिया' स्थापन झाली. आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच.

परंतु या वारशाचा लाभ नव्या काबिजादीतील खेड्यांना क्वचितच झाला. डिचोली महाल अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात आणि पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या अमलाखाली आला. येथील मुलांचे शिक्षण प्रामुख्याने शेणैमामांच्या खाजगी शाळांतून, धूळपाटीवर अक्षरे गिरवून होत असे. पुढे शिकू इच्छिणाऱ्यास घर सोडावे लागे. पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे याचे ठळक उदाहरण. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

तथापि या गावांत पुस्तक अगदीच नव्हते असे म्हणता येणार नाही. श्रावणात घरोघरी 'रामविजय', 'हरिविजय', 'पांडवप्रताप' या श्रीधरांच्या पोथ्या लावल्या जात. एक जण वाची आणि घरदार, शेजारपाजार ऐके. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही पोथी ठाऊक असे. दशावतारी काल्यात रात्रभर पाहिलेल्या आख्यानांनी मुलांच्या मनात कथेची चौकट तयार होई. ऐकण्याकडून वाचण्याकडे जाण्याची वाट या मातीत पूर्वीपासून आहे. वर्ग-ग्रंथालयाने ती पुढे चालवावयाची आहे.

विविधता कशाला म्हणावे?

पुस्तके विविध असावीत, असे सर्वच जण म्हणतात. पण विविधतेचे माप कोणते? शंभर पुस्तकांची शंभर निरनिराळी नावे असली म्हणजे संग्रह विविध झाला असे नाही. वर्गात जी मुले बसली आहेत त्यांची घरे, भाषा, व्यवसाय, सण आणि त्यांची वाचनाची तयारी यांकडे पाहूनच हे माप ठरवावे लागते.

या विषयाचा अभ्यास अन्य देशांतही झाला आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तेथे प्रसिद्ध झालेली पाच हजारांहून अधिक बालपुस्तके तपासली आणि आपले निष्कर्ष १९६५ साली मांडले. कृष्णवर्णीय व्यक्ती चित्रात वा मजकुरात कोठेतरी आढळते अशी पुस्तके त्यांत अवघी ६.७ टक्के निघाली. पुढे १९९० साली रुडिन सिम्स बिशप या अभ्यासिकेने असे प्रतिपादन केले की, मुलासाठी पुस्तक हे आरसाही असते आणि खिडकीही असते. आरशात ते स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते. ज्याला केवळ खिडक्याच मिळतात त्याला पुस्तकांच्या जगात आपल्याला जागा नाही असे वाटू लागते; ज्याला केवळ आरसेच मिळतात त्याला आपल्यापलीकडे जग आहे याचा विसर पडतो.

हे विवेचन पेडणे-डिचोलीच्या वर्गाला तंतोतंत लागू पडते. मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यावरील गावांत मासेमारांची मुले आहेत. हसापूर, चांदेल, इब्रामपूर या आतील गावांत शेतकऱ्यांची आणि बागायतदारांची मुले आहेत. डिचोलीच्या परिसरात कुंभारकाम करणारी घराणी आहेत. शिरगाव, लामगाव, मये या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणींवर आणि ट्रकांवर संसार उभे राहिले आणि २०१२ व २०१८ साली खाणकाम थांबल्यावर त्यांची घडी विस्कटली. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबे शेजारी नांदतात. औद्योगिक वसाहती, बांधकामे, हॉटेले यांच्या निमित्ताने कर्नाटकातून आणि उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुलेही त्याच बाकांवर बसतात. २०२३ सालच्या जानेवारीत मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. तेव्हापासून पेडण्यातील मुलांच्या डोक्यावरून रोज विमाने जात आहेत. या सर्व मुलांना पुरेल असा आरसा आणि अशी खिडकी त्या एका फळीवर हवी.

आधी पाहणी, मग खरेदी

नवी पुस्तके मागविण्यापूर्वी शाळेत असलेली पुस्तके बाहेर काढून त्यांची पाहणी करावी. हे काम एका दुपारचे आहे आणि त्यात मुलांचेही साहाय्य घेता येते. एका कोऱ्या कागदावर पुढील प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मांडावीत.

(१) किती पुस्तकांत मुख्य पात्र मुलगी आहे? त्यांपैकी किती ठिकाणी ती स्वतः काही करते आणि किती ठिकाणी केवळ उपस्थित असते?
(२) किती गोष्टी शहरात घडतात, किती खेड्यात, किती समुद्रकाठी?
(३) किती पुस्तकांत हातांनी काम करणारी माणसे आढळतात? उदाहरणार्थ, कुंभार, पाडेली, रेंदेर, मासेविक्री करणारी स्त्री, खाणीवरचा चालक.
(४) शाळेतील सर्व धर्मांच्या आणि समाजांच्या मुलांना आपले घर ज्यात दिसेल असे किमान एकेक पुस्तक आहे काय?
(५) अपंगत्व असलेले मूल एखाद्या गोष्टीत आहे काय? असल्यास ते दयेचा विषय म्हणून आले आहे की खेळगडी म्हणून?
(६) ज्याला अद्याप जोडाक्षरे वाचता येत नाहीत अशा मुलासाठी किती पुस्तके आहेत?
(७) गेल्या वर्षभरात एकदाही उघडले गेले नाही असे पुस्तक कोणते आणि का?

बहुतेक शाळांत ही पाहणी केल्यास राजे-राण्या, नीतिकथा आणि थोर पुरुषांची चरित्रे यांचा भरणा अधिक असल्याचे दिसून येईल. ही पुस्तके टाकाऊ आहेत असे नव्हे. परंतु उणीव कोठे आहे हे एकदा कागदावर आले, म्हणजे पुढील खरेदी विक्रेत्याच्या यादीनुसार न होता वर्गाच्या गरजेनुसार होते.

पुस्तकांची निवड

मुलामागे सुमारे दहा पुस्तके हे प्रमाण प्राथमिक वर्गासाठी सोयीचे ठरते. वीस मुलांच्या शाळेत दोनशे पुस्तके असल्यास प्रत्येक मुलाला निवडीस वाव राहतो. ही पुस्तके पुढील गटांत विभागलेली असावीत.

चित्रपुस्तके : शब्द नसलेली किंवा पानावर एक-दोन ओळी असलेली पुस्तके पहिली-दुसरीच्या मुलांना स्वतःच्या बळावर 'वाचता' येतात. मराठीत या प्रकारची उत्तम पुस्तके आता उपलब्ध आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके आणि माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. घरातील साधी माणसे आणि साधे प्रसंग हाच त्यांच्या पुस्तकांचा विषय असल्याने लहान वाचकाला अनोळखी वाटत नाही.

गोष्टी : नॅशनल बुक ट्रस्ट (स्थापना १९५७) या संस्थेची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला अल्प किमतीत भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या कथा देते. भोपाळच्या 'एकलव्य' आणि बंगळूरच्या 'प्रथम बुक्स' या संस्थांची पुस्तकेही पाहावीत. भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे' तिसरी-चौथीच्या वाचकांना आजही धावते ठेवतो. साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) मोठ्याने वाचून दाखविण्यास योग्य आहे.

कविता : तेरेखोल नदीच्या पलीकडचा मुलूख बालकवितेच्या दृष्टीने भाग्यवान आहे. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे आणि विंदा करंदीकर देवगड तालुक्यातील धालवलीचे. या दोघांच्या बालकविता पाठांतरासाठी न नेमता केवळ आनंदासाठी फळीवर ठेवाव्यात.

माहितीची पुस्तके : काही मुले गोष्टींकडे वळत नाहीत, त्यांना यंत्रे, प्राणी, आकाश यांविषयी कुतूहल असते. अशा मुलांना 'वाचनाची आवड नाही' असा शिक्का मारला जातो. तो शिक्का चुकीचा होय. माहितीच्या पुस्तकांना संग्रहात किमान चौथा हिस्सा द्यावा.

नियतकालिके : बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून प्रसिद्ध होत आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर खुले केले आहेत. दर महिन्याला काहीतरी नवे येणार ही अपेक्षा वाचनाची सवय टिकविण्यास फार उपयोगी पडते.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

या तालुक्यांतील शाळांचा एक विशेष प्रश्न भाषेचा आहे. सरकारी प्राथमिक शाळांचे माध्यम बहुतांशी मराठी. घरी मात्र पेडण्याची किंवा डिचोलीची कोंकणी बोली. मूल घरी 'न्हंय' म्हणते आणि पुस्तकात 'नदी' वाचते. घरी 'नुस्तें' खाते आणि पुस्तकात 'मासे' पाहते. १९८७ सालच्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. मोठ्यांच्या सभांतून या दोन भाषांविषयी पुष्कळ वाद झाले. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी मात्र त्या दोन्ही सुखाने नांदतात. वर्ग-ग्रंथालयानेही त्या तशाच नांदू द्याव्यात.

मडगावच्या कोंकणी भाषा मंडळाची (स्थापना १९६२) बालपुस्तके मराठी शाळेच्या फळीवर असण्यास काहीच हरकत नाही. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्याने वाचनाच्या सरावात खंड पडत नाही. उलट घरचा शब्द छापलेला पाहून मुलाचा वाचनातील धीर वाढतो. परप्रांतांतून आलेल्या मुलांसाठी हिंदी व कन्नड पुस्तके ठेवावीत. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या खुल्या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते. तेथील मराठी, कोंकणी आणि कन्नड प्रती छापून शेजारी शेजारी ठेवल्यास कानडी बोलणारे मूल आपल्या भाषेतील गोष्टीवरून मराठी मजकुराचा अर्थ लावू शकते. शिवाय, वर्गमित्रांना आपली लिपी वाचून दाखविण्याची संधी मिळाल्याने त्या मुलाचे वर्गातील स्थानही बदलते.

गावात तयार होणारी पुस्तके

बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत पेडणे-डिचोलीचे जीवन फारसे सापडणार नाही. ही उणीव शाळेलाच भरून काढता येईल. जाड कागद, सुईदोरा आणि रंग एवढ्या साहित्यावर मुलांनी तयार केलेले सोळा पानांचे पुस्तक हे संग्रहातील सर्वांत अधिक हाताळले जाणारे पुस्तक ठरते.

विषयांना तोटा नाही. चतुर्थीच्या माटोळीला बांधल्या जाणाऱ्या आंबाडे, कवंडळ, माट्टुळी इत्यादी रानफळांची सचित्र ओळख. मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणारी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे. डिचोलीच्या कुंभाराच्या चाकावर मडके कसे घडते याचा चित्रक्रम. हरमलच्या मिरचीची लावणी. साखळीतून वाहणारी वाळवंटी नदी. हरवळ्याची कोरीव लेणी. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी केलेला त्याचा जीर्णोद्धार. आजीने सांगितलेली गोष्ट, तिच्याच बोलीत लिहिलेली. मुलांनी वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारावेत, उत्तरे टिपून घ्यावीत, शिक्षकांनी शुद्ध प्रत तयार करण्यास मदत करावी आणि पुस्तकावर मुलांची नावे लेखक म्हणून घालावीत. घरी अक्षर नसलेल्या आजोबांचे ज्ञान या मार्गाने ग्रंथालयात येते. शाळेतील पुस्तक आपल्याविषयीही असू शकते, ही जाणीव त्या घराला प्रथमच होते.

मांडणी आणि जपणूक

मुले पुस्तक मुखपृष्ठावरून निवडतात. कण्यावर नाव असलेली, उभी रचलेली पुस्तके त्यांना भिंतीसारखी दिसतात. म्हणून निदान वीस-पंचवीस पुस्तकांची मुखपृष्ठे समोरून दिसतील अशी मांडणी करावी. त्यासाठी महागडे फर्निचर लागत नाही. भिंतीलगत ताणलेली दोरी व कपडे वाळत घालण्याचे चिमटे, किंवा फळांच्या लाकडी पेट्या एवढ्यावर काम भागते. वाचनाच्या तयारीनुसार पुस्तकांना तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात. रंग पुस्तकाला असावा, मुलाला नसावा. चौथीच्या मुलाने सोप्या रंगाचे पुस्तक उचलले तर त्याला हटकू नये.

गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे ओल, बुरशी, कसर आणि वाळवी हे पुस्तकांचे खरे शत्रू होत. फळी भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून हातभर उंच असावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुस्तके काढून कोरड्या फडक्याने पुसावीत व पाने वाऱ्यावर फुलवावीत. सुकविलेला कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत चालू ठेवावी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाला वारा लागतो आणि वाळवी लागल्यास ती लगेच दिसते. बंद कपाटातील पुस्तकाची नासाडी वर्षअखेरीच्या मोजणीपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

कुलूप आणि हिशेब

अनेक शाळांत पुस्तके असतात, पण ती कपाटात कुलूपबंद असतात. याचा दोष केवळ शिक्षकांवर ठेवणे न्यायाचे होणार नाही. पुस्तक हरवले तर नोंदवहीत ते कमी भरेल, तपासणीत विचारणा होईल आणि भरपाई आपल्याकडून होईल, ही धास्ती कुलपाच्या मुळाशी असते. म्हणून या प्रश्नाचा अधिकाऱ्यांनी विशेष विचार करणे जरूर आहे.

केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांनी (२०१७) ग्रंथालयांच्या बाबतीत एक समंजस तत्त्व घालून दिले आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांचा तोटा, तो अप्रामाणिकपणामुळे किंवा हयगयीमुळे झालेला नसल्यास, वाजवी मानावा असे हे तत्त्व आहे. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मिळ पुस्तक हरवल्यास मात्र चौकशी झालीच पाहिजे.

या तत्त्वातील मर्म असे की, तोट्याचे प्रमाण कपाटातील पुस्तकांवर मोजलेले नसून देवघेवीवर मोजलेले आहे. वीस मुलांनी आठवड्याला एकेक पुस्तक घरी नेले तर चाळीस आठवड्यांत आठशे देवघेवी होतात आणि या हिशेबाने चार पुस्तकांचा तोटा वाजवी ठरतो. तीच पुस्तके कुलपात राहिली तर देवघेव शून्य आणि वाजवी तोटाही शून्य. मग कोणत्याही मुलाने न वाचलेले एखादे पुस्तक गहाळ झाले तरी त्याचा जाब द्यावा लागेल. बालपुस्तके स्वस्त असतात आणि वापराने फाटतात. फाटून निकामी झालेले पुस्तक हे बहुधा सर्वांत आवडते पुस्तक असते. शाळा तपासणीच्या वेळी 'किती पुस्तके आहेत?' या प्रश्नाबरोबर 'किती वेळा दिली गेली?' आणि 'वापराने किती झिजली?' हेही विचारले जावे. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, निकामी पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करण्याची पद्धत तालुका पातळीवर पडली तर कुलपे आपोआप उघडतील.

देवघेवीची नोंदवही साधी असावी. तारीख, मुलाचे नाव, पुस्तक आणि परत आल्याची खूण एवढे चार रकाने पुरेत. ही वही तिसरी-चौथीच्या मुलांनी पाळीपाळीने सांभाळावी. परत न आलेल्या पुस्तकासाठी दंड आकारू नये. दंडाच्या भीतीने गरीब घरातील पालक पुस्तक घरी आणूच नको असे मुलाला सांगतात आणि ज्याला पुस्तकाची सर्वाधिक गरज आहे तोच वाचक दुरावतो.

एका खोलीत चार इयत्ता

पटसंख्या घटल्यामुळे आज अनेक प्राथमिक शाळांत चार इयत्तांची मुले एकाच खोलीत, एका किंवा दोन शिक्षकांपुढे बसतात. ही अडचण खरीच. परंतु वर्ग-ग्रंथालयाचा सर्वाधिक उपयोग अशाच शाळेत होतो. शिक्षक दुसरीला वजाबाकी शिकवीत असताना चौथीच्या मुलांनी हाताची घडी घालून बसण्याचे कारण उरत नाही. चौथीची मुलगी पहिलीच्या मुलाला चित्रपुस्तक वाचून दाखवू शकते. त्यात दोघांचेही शिक्षण होते.

दिवसातील पंधरा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी राखून ठेवावीत. त्यावर प्रश्नोत्तरे, तात्पर्य वा गुण नसावेत. जुन्या पोथीवाचनाचीच ही पद्धत आहे. फरक एवढाच की येथे पुस्तक नंतर मुलांच्या हाती जाते. एकदा ऐकलेली गोष्ट मूल पुन्हा पुन्हा उघडते आणि ओळखीच्या शब्दांवरून अनोळखी शब्दांपर्यंत जाते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधारे ते साधणे कठीण आहे.

गाव आणि शासन

समग्र शिक्षा योजनेत शालेय ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूद आहे. पुस्तकांची निवड शिक्षकांच्या हाती असेल तरच त्या रकमेचे सार्थक होते. पाचसहा शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून यादी केली आणि प्रत्येक शाळेने निरनिराळी पुस्तके घेतली, तर पेट्यांची अदलाबदल करता येते. ही कल्पना नवी नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्याखेड्यांत पोचविली. आज धारगळहून कोरगावला किंवा साखळीहून न्हावेलीला पेटी नेण्यास अर्धा तासही लागत नाही. २००५ पासून पणजीत काम करणाऱ्या 'बुकवर्म' या संस्थेने शाळांतून ग्रंथालयाचे तास चालविले आहेत. त्या अनुभवाचाही लाभ घेता येईल. गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९९३ अन्वये चालणाऱ्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाशी शाळेने संबंध जोडावा आणि मुलांना वर्षातून एकदा तरी तेथे न्यावे.

पंचायत, पालक-शिक्षक संघ, देवस्थान समित्या आणि चर्चची मंडळे यांनाही या कार्यात वाटा उचलता येईल. वाढदिवसाला मिठाईबरोबर एक पुस्तक देण्याची प्रथा सुरू करता येईल. मात्र देणगी स्वीकारताना शाळेने आपली यादी पुढे ठेवावी. घरातील जुनी मार्गदर्शिका, कालबाह्य प्रश्नसंच किंवा फाटकी कादंबरी यांनी फळी भरते, वाचक मिळत नाही.

मराठी शाळेतील प्रत्येक मूल हे आज मोलाचे आहे. ते पुढे कोणत्याही माध्यमात शिको, कोणत्याही गावी जावो, चौथी संपेपर्यंत त्याला आपण होऊन पुस्तक उघडण्याची सवय लागलेली असेल तर शाळेने आपले काम केले असे म्हणता येईल. त्यासाठी मोठी इमारत वा मोठा निधी यांची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या आठवड्यात कपाट उघडावे, पुस्तके जमिनीवर मांडावीत आणि त्यांतील कोणती पुस्तके आपल्या घरासारखी वाटतात हे मुलांनाच विचारावे. त्यांच्या उत्तरांवरून पुढील खरेदीची यादी तयार होईल.